मामांना आधी पिवळी अंडी दाखवली

औषधाने नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या थांबतात का, हे आम्ही कोंबडीच्या फलित अंड्यांत बघतो. चूक क्रमाची होती. दहाव्या दिवशी अंडी तपासताना आधी काहीच न लावलेली, मग औषध ज्यात विरघळवतो ते नुसतं द्रावक लावलेली आणि शेवटी औषधाची, असा आमचा शिरस्ता. त्या गुरुवारी मला धीर धरवला नाही. हळदीची अंडी मी आधी बघितली.

हळदीची म्हणजे कर्क्युमिन या हळदीतल्या पिवळ्या घटकाची. दुकानातलं अंडं या कामाला चालत नाही, ते फलित नसतं. आमची अंडी कर्जतकडच्या हॅचरीतून येतात. आणतात आमच्या प्रयोगशाळेतले मामा. ते बदलापूरला राहतात. सकाळच्या लोकलमध्ये ट्रे मांडीवर घेऊन, प्रत्येक अंड्याचं बोथट टोक वर ठेवून मुंबईपर्यंत येतात. तिसऱ्या दिवशी सुईने दोन-तीन मिली पांढरं काढून घ्यायचं, म्हणजे आतला पडदा कवचापासून सुटून खाली बसतो. मग कवचाला छोटी खिडकी कापायची, वर टेप. आठव्या दिवशी औषध सुकवलेली कागदाची टिकली पडद्यावर ठेवायची आणि दोन दिवसांनी तिच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या मोजायच्या. खिडकी कापताना कवचाचा कण आत पडला तर पडदा चिडतो आणि नको त्या वाहिन्या फुटतात. मामांच्या हातून कण पडत नाही. एमएस्सी झालेल्या आमच्या मुलांचा हात इतका स्थिर नाही, पण शोधनिबंधावर नावं मुलांची येतात.

सहाही अंड्यांत पिवळ्या टिकलीभोवती पडदा फिकट पडला होता. वाहिन्या टिकलीपाशी येऊन वळसा घालून गेलेल्या. कॅन्सरच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घ्याव्या लागतात, ती रसद तोडा, असं जूडा फोकमन या अमेरिकन सर्जननी 1971 साली मांडलं. त्याच विचारातून पुढे बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध आलं, 2004 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि इथे माझ्यासमोर तीच तुटलेली रसद, घरच्या डब्यातल्या हळदीमुळे! मी ओरडलेच, "मामा, या, बघा!"

त्यांनी मॉनिटरवर बराच वेळ पाहिलं. "हळदीनं झालं हे?"

"हळदीतल्या कर्क्युमिननं."

ते फोन घेऊन बाहेर गेले. मामींना स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे, नंतर ऑपरेशन. मला हे सगळं माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

मग नुसत्या द्रावकाची अंडी बघितली. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून आम्ही डीएमएसओ हे द्रावक वापरतो. सहापैकी चार अंड्यांत तोच फिकटपणा. म्हणजे हळदीच्या नावावर मी जे मांडत होते त्यातलं बरंचसं, कदाचित सगळंच, द्रावकाचं. "पोस्टरला तीन चांगले फोटो पुरेत," असं मला वरून सांगण्यात आलं. मी दिले नाहीत. द्रावकाचं अंडं न दाखवता छापलेले फोटो मी इतके पाहिलेत की आता चीड येते.

संध्याकाळी मामा आले. "मॅडम, हिला रोज किती द्यायची?"

मी द्रावकाची अंडी दाखवली. मग हिशेब सांगितला. तैवानमधल्या 2001 च्या चाचणीत लोकांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिलं, तरी रक्तातली सर्वाधिक पातळी सरासरी 1.77 मायक्रोमोलरच भरली. टिकलीवर आम्ही ठेवतो ते याच्या कितीतरी पट. हळदीत शंभराला तीनेक ग्रॅम कर्क्युमिन धरलं तर 8 ग्रॅमसाठी पाव किलोहून जास्त हळद लागेल, तीही रोज.

"पण सदाफुलीपासून केमोचं औषध बनतं ना?"

बनतं. व्हिनक्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन. मी ते नाकारलं नाही. पण ते झाडातून वेगळं काढून, शुद्ध करून, मोजून शिरेतून देतात, हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, शेजारच्या बाईंनी हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्यात, मामी पंधरा दिवस घेतायत.

मी बाटलीचा फोटो मागवला. लेबलवर पायपेरीन होतं, काळ्या मिऱ्यातलं. कर्क्युमिन शरीरात टिकावं म्हणून घालतात. यकृतातली जी यंत्रणा कर्क्युमिन मोडते, तीच बरीच औषधंही मोडते. तिला अडथळा आला की केमोच्या औषधाची रक्तातली पातळी बिघडू शकते. शिवाय पुढे ऑपरेशन, आणि जखम भरायला नव्या रक्तवाहिन्याच लागतात. मी सगळं मराठीत एका कागदावर लिहून दिलं, कारण ओपीडीत डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात आणि त्यात बाटलीचा विषय निघत नाही.

काल मामा म्हणाले, बाटली दाखवली, डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. मामी मात्र विचारतायत, "मॅडमच्या अंड्यात तर गुण आला होता ना?"

मी त्यांना अजून फोन केलेला नाही.