आयपीटेबल्सवरून एनएफटेबल्सवर : अंबडच्या एका मशीन शॉपमधला माझा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपचा इंटरनेट गेटवे मी आयपीटेबल्सच्या जुन्या स्क्रिप्टवरून डेबियन १२ आणि एनएफटेबल्सवर नेला. गेटवे म्हणजे कारखाना आणि इंटरनेट यांच्या मधला बॉक्स. आयपीटेबल्स आणि एनएफटेबल्स ही लिनक्सच्या फायरवॉलची, म्हणजे कोणतं पॅकेट (डेटाचा तुकडा) सोडायचं आणि कोणतं अडवायचं हे ठरवणारी, जुनी आणि नवी यंत्रणा; डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार. मांडणी अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांत दिसते तशीच. पीपीपीओईवर (लॉगिन करून लागणारी जोडणी) एक फायबर लाइन, बॅकअपला ४जी राउटर, ऑफिसचं नेटवर्क वेगळं, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचं वेगळं, आयपी फोन, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, आणि त्याच बॉक्सवर डॉकरमध्ये (प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) चालणारा उत्पादनाचा डॅशबोर्ड. या कामात अडलेल्या बहुतेक गोष्टी लिनक्स फायरवॉल चालवणाऱ्या प्रत्येकापुढे कधीतरी येतात. रूल चुकीचे होते म्हणून फार थोडं अडलं. रूल बरोबर, पण ते कोण लोड करतं आणि कधी, यात घोळ, असंच जास्त वेळा दिसलं. म्हणून खाली क्रमाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी जुनं उतरवणं. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आयपीटेबल्स ही कमांड आतून एनएफटेबल्सशीच बोलते, आणि जुनी यंत्रणा 'आयपीटेबल्स-लेगसी' या नावाने शेजारी राहते. जुनी स्क्रिप्ट लेगसीला हाक मारत असेल आणि तुम्ही नव्या कमांडने यादी बघत असाल, तर यादी रिकामी दिसते आणि पॅकेट मात्र अडवली जात राहतात. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दोन्ही यंत्रणा एकाच वेळी जिवंत असू शकतात, आणि प्रत्येक पॅकेटला दोन्हींतून जावं लागतं. एकीने ॲक्सेप्ट म्हटलं तरी दुसरी ड्रॉप करू शकते. यादी बघताना 'लेगसी टेबल्स प्रेझेंट' अशी सूचना आली तर ती कधीही सोडून देऊ नका. साफ करताना आधी इनपुट (बॉक्सकडे येणारी पॅकेट) आणि फॉरवर्ड (बॉक्समधून पुढे जाणारी) या चेनची, म्हणजे रूलच्या साखळ्यांची, पॉलिसी (एकही रूल न लागल्यास होणारा निर्णय) ॲक्सेप्ट करायची, मगच फ्लश, म्हणजे रूल पुसणं. उलट केलं तर पॉलिसी ड्रॉप उरते, परवानगीचे रूल गेलेले असतात आणि एसएसएच (लांबून केलेलं लॉगिन) तिथेच तुटतं.

हेच एनएफटेबल्सच्या आतही लागू आहे. एकाच हुकवर (पॅकेटच्या वाटेतल्या एकाच तपासणीच्या जागी) दोन बेस चेन असतील तर पहिल्या चेनमधला ॲक्सेप्ट हा शेवटचा शब्द नसतो. पुढच्या प्रायॉरिटीची (क्रमाच्या आकड्याची) चेन तेच पॅकेट पुन्हा तपासते. ड्रॉप मात्र तिथल्या तिथे अंतिम. आयपीटेबल्सची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, आणि डॉकर आला की याचाच फटका बसतो.

गेटवेवर लांबून काम करताना मी दोन गोष्टी कधीच सोडत नाही. बदल करण्याआधी जुनं टेबल फाइलमध्ये काढून ठेवायचं आणि 'सिस्टमडी-रन'ने तीन मिनिटांनी ती फाइल परत लोड होईल असा टायमर लावायचा. दुसरी गोष्ट म्हणजे, नवे रूल टाकल्यावर चालू एसएसएच टिकलं यावर समाधान मानायचं नाही. ते सत्र कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये (जोडण्यांची नोंद ठेवणारी कर्नलची यंत्रणा, पुढे 'कनट्रॅक') 'एस्टॅब्लिश्ड' असल्यामुळे टिकतं. नव्या रूलनी बावीस नंबरचा पोर्ट बंद केला असला तरी ते चालूच राहील. दुसऱ्या खिडकीतून नवीन सत्र उघडून बघायचं, ते उघडलं तरच टायमर रद्द करायचा. फाइल लोड करण्याआधी 'एनएफटी'ला, म्हणजे एनएफटेबल्सच्या कमांडला, '-सी' पर्याय देऊन नुसती तपासूनही घेता येते.

आता खरा गुंता, बूटचा. डेबियनची एनएफटेबल्स सर्व्हिस नेटवर्क उभं राहण्याच्या आधी चालते आणि ते योग्यच आहे, रूल आधी आणि वायर नंतर. पण त्या क्षणी पीपीपी० हा फायबर लाइनचा इंटरफेस, म्हणजे नेटवर्कचं टोक, अस्तित्वातच नसतो, तो फायबरचं लॉगिन झाल्यावर जन्माला येतो. रूलमध्ये पॅकेट कुठून आलं हे सांगायला 'आयआयएफ' वापरलं असेल तर एनएफटी त्या इंटरफेसचा इंडेक्स नंबर लोड करतानाच शोधते. इंटरफेस सापडला नाही की चूक येते. आणि एनएफटी पूर्ण फाइल एकाच व्यवहारात लोड करत असल्यामुळे एका ओळीच्या चुकीने सगळी फाइल नाकारली जाते. म्हणजे बॉक्स सुरू होतो, लाइन लागते, ऑफिसच्या डोळ्यांना सगळं ठीक, आणि फायरवॉलमध्ये एकही रूल नाही. हाताने लोड केलं तर मात्र चालतं, कारण तोवर पीपीपी० आलेला असतो.

यावर उपाय 'आयआयएफनेम' आणि 'ओआयएफनेम'. हे नावाची तुलना पॅकेट आल्यावर करतात, इंटरफेस असो वा नसो. वेग किंचित कमी, पण या आकाराच्या कारखान्यात तो जाणवत नाही. 'आयआयएफ'चा दुसरा तोटा लाइन तुटून जोडल्यावर कळतो. पीपीपी० नव्याने तयार होतो, त्याला नवा इंडेक्स मिळू शकतो आणि रूल जुन्याच नंबराला धरून बसतो. यादीत इंटरफेसच्या नावाऐवजी नुसता आकडा दिसला तर हेच झालंय असं समजा. कायम असणाऱ्या 'एलओ'साठी (बॉक्सचा स्वतःशीच बोलण्याचा इंटरफेस) 'आयआयएफ' चालेल, बाकी सगळीकडे नाव.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे रूलमध्ये डोमेनचं नाव लिहिणं. मशीनच्या सपोर्टवाल्यांना आत येऊ द्यायचं म्हणून त्यांच्या सर्व्हरचं नाव टाकलेलं असतं. ते नाव लोड होताना एकदाच सोडवलं जातं. बूटच्या वेळी डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) नसतं, पुन्हा सगळी फाइल नाकारली जाते. आयपी पत्ता लिहा, किंवा रिकामा सेट ठेवून लाइन लागल्यावर तो भरणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. तिसरी चूक आणखी लपलेली आहे. डेबियनच्या या सर्व्हिसला होम आणि रूट यूजरचा फोल्डर दिसत नाही, तसं बंधन तिच्या युनिटमध्येच घातलेलं आहे. इन्क्लूड केलेली फाइल तिथे असेल तर हाताने चालते, सर्व्हिसमधून चालत नाही. सगळ्या फाइली ईटीसीमध्येच ठेवाव्यात.

इतकं सांभाळूनही एखाद्या दिवशी फाइल लोड होणार नाही, असं धरून मी दोन पट्टे बांधले. सर्व्हिसच्या जोडफाइलमध्ये 'ऑन-फेल्युअर' लिहून एक अगदी छोटी फाइल लोड करायची : इनपुट पॉलिसी ड्रॉप, एलओ आणि एस्टॅब्लिश्डला परवानगी, एसएसएच फक्त आतल्या इंटरफेसवरून. आयपीव्ही६ असेल तर त्यातही नेबर डिस्कव्हरीचे आयसीएमपीव्ही६ संदेश सोडावेच लागतात, नाहीतर शेजारचं यंत्रच सापडत नाही. दुसरा पट्टा म्हणजे आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कची पॅकेट दुसऱ्याकडे पाठवणं) सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलमधून काढून त्याच सर्व्हिसच्या 'एक्झेक-स्टार्ट-पोस्ट'मध्ये टाकणं. रूल लोड झाले तरच फॉरवर्डिंग सुरू.

या दुसऱ्या पट्ट्याने डॉकरचा प्रश्नही सुटला. डॉकर सुरू होताना फॉरवर्डिंग बंद दिसलं तर तो ते स्वतः सुरू करतो आणि सोबत फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये फॉरवर्डिंग अगदी शेवटी, लाइन लागल्यावर चालू होत होतं. डॉकर आधी पोहोचला की ऑफिसचं इंटरनेट बंद, आणि आपल्या टेबलात ॲक्सेप्ट लिहिलेलं असूनही बंद, कारण ड्रॉप दुसऱ्या चेनमध्ये आहे. डॉकरच्या आधी फॉरवर्डिंग सुरू असेल तर तो पॉलिसीला हात लावत नाही. एनएफटेबल्सची सर्व्हिस बूटच्या सुरुवातीलाच चालते, म्हणून क्रम आपोआप बरोबर लागतो.

डॉकरचा दुसरा विषय सुरक्षेचा आहे. 'पब्लिश' केलेला पोर्ट डीनॅट होऊन (पोहोचायचा पत्ता बदलून) कंटेनरकडे जातो, म्हणजे तो इनपुट चेनमध्ये येतच नाही. इनपुटमध्ये, किंवा यूएफडब्ल्यू या सोप्या फायरवॉल साधनामध्ये, तीन हजार नंबरचा पोर्ट बंद केला तरी डॅशबोर्ड बाहेरून उघडतो. सर्वांत साधा उपाय म्हणजे पोर्ट सगळ्या पत्त्यांवर न उघडता १२७.०.०.१ वर किंवा ऑफिसच्या आतल्या पत्त्यावर बांधणं. चेनमधूनच अडवायचं असेल तर 'डॉकर-यूजर' ही चेन त्यासाठीच आहे. पण तिथे पॅकेट पोहोचतं तेव्हा डीनॅट होऊन गेलेलं असतं, त्यामुळे कंटेनरचा आतला पोर्ट दिसतो. बाहेरचा मूळ पोर्ट तपासायचा तर कनट्रॅकचा 'ओरिजिनल डेस्टिनेशन पोर्ट' वापरावा लागतो.

आणि फाइलीच्या डोक्यावरची 'फ्लश रूलसेट' ही ओळ. ती नसेल तर प्रत्येक रीलोडला रूल दुप्पट होतात; असेल तर डॉकरचे रूलही पुसले जातात आणि डॉकर रीस्टार्ट करेपर्यंत कंटेनर तुटतात. मी फक्त आपलं टेबल काढतो : आधी रिकामं टेबल जाहीर करायचं, म्हणजे पहिल्या वेळी 'असं टेबल नाही' ही चूक येत नाही, मग ते डिलीट, मग पूर्ण व्याख्या. सर्व्हिसला नेहमी 'रीलोड' द्यायचा. 'रीस्टार्ट' दिला तर थांबताना ती सगळा रूलसेट फ्लश करते, आपली फाइल कितीही काळजीपूर्वक लिहिलेली असली तरी.

सीएनसी मशीनकडे वळतो. बऱ्याच कंट्रोलरवर प्रोग्राम एफटीपीने चढवतात. नव्या बॉक्सवर लक्षण असं दिसतं की लॉगिन होतं, पण फाइलींची यादी मागितली की सगळं लटकतं. एफटीपीची आज्ञा एकवीस नंबरच्या पोर्टवर जाते आणि डेटा वेगळ्या पोर्टवर. तो वेगळा पोर्ट ओळखायला कर्नलचा एफटीपी हेल्पर लागतो. कर्नल ४.७ पासून हा हेल्पर आपोआप नेमला जात नाही, आणि पुढे तर तो आपोआप चालू करणारा स्विचच काढून टाकला. हे सुरक्षेसाठी केलं आहे आणि मला ते पटतं, कारण कुठल्याही पोर्टवरचा मजकूर वाचून आपसूक भोक पाडणारी यंत्रणा धोक्याचीच. आता टेबलात एफटीपी प्रकारचा 'सीटी हेल्पर' जाहीर करायचा आणि प्रीराउटिंग चेनमध्ये एकवीस नंबरच्या पोर्टला तो लावायचा. इथे एक अट आहे. जुन्या आयपीटेबल्समध्ये हे काम 'रॉ' टेबलात होत असे. एनएफटेबल्समध्ये त्या चेनची प्रायॉरिटी कनट्रॅकच्या नंतरची, म्हणजे -२०० पेक्षा मोठी हवी. साधं शून्य ठेवा. -३०० वर ठेवलं तर रूल लोड होतो, चूक येत नाही आणि काम होत नाही. फॉरवर्डमध्ये 'रिलेटेड'ला परवानगी हवीच. एफटीपी टीएलएसवर असेल तर हेल्परला आतलं वाचता येत नाही; मग सर्व्हरवर पॅसिव्ह पोर्टचा ठरावीक पट्टा बांधून तेवढाच उघडायचा.

काही साइट उघडतात, मोठी फाइल चढवताना मात्र अडकतात, ही तक्रार पीपीपीओईची. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ आहे, वाटेत कोणीतरी आयसीएमपी (अडचण कळवणारे संदेश) अडवतं आणि मोठं पॅकेट गुपचूप मरतं. 'डोन्ट फ्रॅगमेंट' लावून १४६४ बाइटचा पिंग जातो, १४७२ चा जात नाही, एवढ्यात निदान होतं. फॉरवर्ड चेनमध्ये सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटचा मॅक्स सेगमेंट साइज 'आरटी एमटीयू'वर बांधला की संपलं.

आयपी फोन : लाइन तुटून आली की संगणक चालू, फोन मुका. फोन दर थोड्या सेकंदांनी यूडीपी पॅकेट पाठवत राहतो, त्यामुळे कनट्रॅकमधली त्याची नोंद १२० सेकंदांची मुदत संपायच्या आत ताजी होत राहते. नॅटची (पत्ता बदलण्याची) चेन जोडणीच्या फक्त पहिल्या पॅकेटला लागू होते. पुढची सगळी पॅकेट नोंदीत ठरलं तशीच जातात. नॅट 'एसनॅट'ने (ठरावीक पत्ता लिहून) केलं असेल तर पत्ता बदलला तरी जुनाच पत्ता लागत राहतो. 'मास्करेड' (इंटरफेसचा त्या वेळचा पत्ता वापरणारं नॅट) असेल तर इंटरफेस पडला किंवा बाहेर पडायची वाट बदलली की कर्नल ती नोंद काढून टाकतो. म्हणून बदलत्या पत्त्याच्या लाइनवर मास्करेडच, आणि तेही दोन्ही बाहेरच्या इंटरफेसवर. एकाच लाइनवर ठेवलं तर दुसऱ्या वाटेने नॅटशिवाय गेलेल्या पहिल्या पॅकेटची नोंद तशीच चिकटून बसते. लाइन लागल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'कनट्रॅक -डी' देऊन फोनच्या यूडीपी नोंदी पुसणं हा भक्कम उपाय.

दोन लाइन असल्या की 'आरपी फिल्टर' (पॅकेटचं उत्तर आलेल्या वाटेनेच परत जाईल का ते तपासणारी कर्नलची सेटिंग) बघा. कडक म्हणजे १ असेल तर एका लाइनने येऊन दुसरीने परतणारं पॅकेट लॉगमध्ये काही न लिहिता टाकलं जातं. 'ऑल'ची आणि त्या इंटरफेसची, यांतली मोठी किंमत लागू होते, म्हणून इंटरफेसला शून्य देऊन उपयोग नाही, २ द्या.

कर्नल लॉगमध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' दिसलं तर कनट्रॅकची जागा संपली आहे. १ ते ४ जीबी रॅमच्या बॉक्सवर मर्यादा सहसा ६५,५३६ नोंदींची असते, त्याहून जास्त रॅम असेल तर २,६२,१४४. आकडा वाढवण्याआधी टीसीपी एस्टॅब्लिश्डची मुदत बघा. ती ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस असते. वीज जाऊन मशीन बंद पडली तरी त्यांच्या मेलेल्या जोडण्या पाच दिवस यादीत राहतात. मी ती ८६,४०० वर आणतो. त्याहून फार खाली नेलं तर रात्रभर शांत असलेली डेटाबेसची जोडणी सकाळी तुटलेली मिळते. या किंमती सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहूनही बूटनंतर लागू होत नाहीत, कारण तेव्हा कनट्रॅकचं मॉड्यूल लोडच झालेलं नसतं. 'मॉड्यूल्स-लोड'च्या फोल्डरात त्याचं नाव लिहिलं की ते आधी येतं आणि किंमती बसतात.

शेवटचा भाग कर्नलचा. सीव्हीई-२०२४-१०८६ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा क्रमांक) ही एनएफटेबल्सच्या कर्नलमधल्या कोडातली त्रुटी आहे. बॉक्सवर साधं लॉगिन असलेला माणूस किंवा प्रोग्राम तिच्यातून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकतो. कर्नल ३.१४ नंतरच्या आवृत्त्यांत ती होती, ६.१ च्या मालिकेत ६.१.७६ मध्ये दुरुस्त झाली. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर दिसल्यामुळे अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेने मे २०२४ मध्ये तिला आपल्या यादीत घातलं. सीव्हीई-२०२१-२२५५५ ही आयपीटेबल्सच्या बाजूची तशीच त्रुटी, ती तर २००६ पासून कोडात होती. दोन्हींची नेहमीची वाट साध्या यूजरला मिळणाऱ्या यूजर नेमस्पेसमधून (आपल्या कप्प्यापुरते रूटसारखे अधिकार देणारी सोय) जाते. गेटवेवर त्याची गरज नाही, म्हणून डेबियनमधलं 'अनप्रिव्हिलेज्ड यूजरएनएस क्लोन' शून्यावर ठेवा. रूटकडून चालणाऱ्या डॉकरला त्याने फरक पडत नाही. रूटलेस (साध्या यूजरने चालवलेले) कंटेनर मात्र चालणार नाहीत. अपडेटचं पॅकेज बसलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालतो, आणि तीन पाळ्यांच्या कारखान्यात गेटवे महिनोन्महिने रीबूट होत नाही. 'यूनेम'ला छोटा '-व्ही' पर्याय देऊन चालू आवृत्ती बघा, पाळी बदलताना रीबूटची वेळ मागून घ्या, आणि रीबूटनंतर आपल्या टेबलाची यादी, फॉरवर्डिंग, कनट्रॅकची मर्यादा, बाहेरच्या मोबाइल नेटवर्कवरून डॅशबोर्डचा पोर्ट आणि एका मशीनवर एफटीपीची यादी, एवढं पाळी सुरू व्हायच्या आत तपासून घ्या.