क्लास लावला नव्हता, हो

मला हा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. ज्यांच्या मुलांना पुढे क्लॅट, म्हणजे एनएलयूंची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची) प्रवेश परीक्षा, द्यायची आहे ते विचारतात, "घरीच अभ्यास करून होते का गं?" आणि ज्यांना माझा निकाल ठाऊक आहे ते विचारतात, "क्लास लावला असता तर एनएलयू मिळालं असतं, नाही का?" दुसऱ्या गटाने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. आजवर मी दोघांनाही हसून "हो ना" म्हणत आले. आता तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी एक गैरसमज. घरी अभ्यास केला म्हणजे पहाटे चारला उठून तप केलं, असं काही नाही. नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका अभ्यासिकेत महिन्याच्या पासवर बसायची. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले आणि पोलीस भरतीवाले. "क्लॅट म्हणजे ते कॅट का?" असं विचारून ते परत आपल्या वहीत डोकं घालायचे. बर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून एक जाडजूड गाईड आणलं होतं. त्यात सगळे सुटे प्रश्न, सनावळ्या, कायद्यातली लॅटिन वचनं. 2020 पासून पेपर उताऱ्यांवर गेला होता, हे कळेपर्यंत माझी बरीच लॅटिन पाठ झाली होती. मग कन्सॉर्शियमच्या (परीक्षा घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाच्या) साइटवरून जुने पेपर उतरवले. ते फुकट आहेत. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण पुढे विचारतो, "पण मटेरियल कोणतं वापरलं?"

खरी अडचण मटेरियलची नव्हती. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी डोक्यातला सगळा कारभार मराठीत. आमच्या पेपरला 120 मिनिटांत 150 प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाला 48 सेकंद, आणि साडेचारशे शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा वाचायचा तोही त्यातच. चुकलं की पाव गुण वजा. इंग्रजी पेपरातला अग्रलेख मला समजायचा, पण माझ्या वेगाने. तो वेग परीक्षेचा नव्हता.

आता ती गोष्ट, जी घरच्यांनाही अर्धीच ठाऊक आहे.

बाबा एका वकीलसाहेबांकडे क्लार्क आहेत. तारखा लिहिणं, फाइली लावणं, नकलेसाठी अर्ज टाकणं. त्यामुळे घरात कायद्यांच्या मूळ मजकुराची पुस्तकं, म्हणजे बेअर अॅक्ट पडलेले असायचे आणि मी ते वाचायची. एका सराव पेपरात असा उतारा आला: समजा कायदा असा आहे की, वय लपवून जो पैसे घेईल त्याने ते परत करायचे, मग तो सज्ञान असो की अज्ञान (18 वर्षांखालचा). पुढे 17 वर्षांचा एक मुलगा, 19 सांगून उसने पैसे घेतो. परत करावे लागतील का? मी ठोकून "नाही" लिहिलं. 1872 चा करार कायदा, कलम 11. मोहोरी बीबी खटला, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय), 1903. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य. उत्तरतालिका म्हणाली, "हो, करावे लागतील."

मी त्या उत्तरतालिकेशी दोन-तीन दिवस भांडले. ती चुकीची छापली आहे अशी माझी खात्री होती. शेवटी बाबा म्हणाले, चल, साहेबांनाच विचारू.

शनिवार होता. चेंबरमध्ये दोन ज्युनियर बसले होते. साहेबांनी प्रश्नावरून नजर फिरवली आणि फटकन म्हणाले, "नाही द्यावे लागत. व्हॉइड अॅब इनिशिओ, मुळातच शून्य." बाबांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! मग मी उत्तर दाखवलं. साहेबांनी चष्मा लावला, उतारा वरपासून वाचला, पुन्हा वाचला. म्हणाले, "अच्छा. इथं उताऱ्यात लिहिलं तोच कायदा. बाहेरचं काही आणायचं नाही." एक ज्युनियर हसला. मग साहेब माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "पोट्टीले कायदा समजते. परीक्षा नाही समजत. क्लास लावून दे तिले. पैशाचं पाहून घेऊ."

चांगल्या मनानेच म्हणाले. ते मला तेव्हाही कळत होतं.

परतताना व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर बाबा मागे न वळता म्हणाले, "साहेब म्हणाले ना, कायदा समजते." घरी आईला त्यांनी एवढंच सांगितलं. आजीला तेवढंच. दिवाळीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना ते वाक्य पोचलं होतं, अर्धंच. पुढचा अर्धा भाग बाबांनी गिळला की त्यांना खरंच ऐकू आला नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी हळूच विचारलं, "बोलू का साहेबांशी? पगारातून कापून घेतील." मी म्हटलं, काही गरज नाही, मला आता कळलं ते. लोकांना मी हेच सांगते: पैसे वाचवायचे होते. ते खोटं नाही. पण त्या माणसापुढे रोज सकाळी फाइली घेऊन उभं राहताना बाबांच्या डोक्यावर माझ्या क्लासचं ओझं नको होतं, हेही खरं. आणि साहेबांचं म्हणणं खरं ठरायला नको होतं. हे तिसरं कारण मी कुणाला सांगत नाही. आज सांगितलं.

आजची मी तेव्हाच्या मला, त्या मुलीला म्हणते, अगं, एका बऱ्या शिक्षकाने ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली असती. ती लगेच उलटून बोलते: कन्सॉर्शियमच्या सूचनांमध्येच लिहिलंय की कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही, त्यासाठी कुणाला पैसे कशाला मोजायचे? मी म्हणते, लिहिलेलं असणं आणि आपण चुकताना कुणी आपल्याला पकडणं यात फरक आहे. उत्तरतालिका बरोबर काय ते सांगते, आपलं का चुकलं ते सांगत नाही. त्यावर ती म्हणते, पुढच्या सराव पेपरांत लीगलचे (कायद्याच्या विभागाचे) गुण वाढले की नाही? वाढले होते. मग मी गप्प बसते.

कारण अडलं ते लीगलमध्ये नाहीच. क्लॅटचा पेपर 18 डिसेंबर 2022, दुपारी दोन ते चार. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन नागपुरात परत येत होतं, सगळं शहर मंत्र्यांच्या तयारीत. मी शेवटच्या उताऱ्यांपर्यंत पोचलेच नाही. क्लासमध्ये घड्याळ लावून पेपर सोडवून घेतात, त्याने वेग वाढला असता? असेल. त्याच वर्षी क्लास लावलेल्या माझ्या मैत्रिणीचेही उतारे राहिले, आणि दुसरीचे नाही राहिले. यातून काय काढायचं ते तुम्ही काढा.

रँक सांगत नाही. वारंग्याचं एमएनएलयू (महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ) घरापासून इतकं जवळ की बुटीबोरीकडे जाताना अजूनही आई विषय काढते. समुपदेशनाच्या (प्रवेशफेऱ्यांच्या) नोंदणीचे 30,000 भरायला बाबा तयार होते, मीच नको म्हटलं. बारावी झाली, मग राज्याची कायद्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) दिली. तिथे पेपर मराठीतही असतो आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. शहरातल्याच कॉलेजात पाच वर्षांचा कोर्स मिळाला. माझ्या पुढच्याच बॅचपासून क्लॅटचे प्रश्न 150 वरून 120 झाले, म्हणजे प्रश्नाला पूर्ण एक मिनिट. याचा राग मला अजून येतो आणि तो मी लपवतही नाही. मी आवडीने वाचलेली भारतीय दंड संहिता तर 1 जुलै 2024 ला रद्दच झाली. करार कायदा तेवढा जागेवर आहे.

तेव्हा पहिल्या गटाला उत्तर: घरी होते. दुसऱ्या गटाला: माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. आताशा कुणी मुलीला घेऊन आलं की मी क्लासबद्दल बोलतच नाही. इंग्रजी पेपर पुढे ठेवते, अग्रलेख उघडते आणि मोबाइलवर वेळ लावते. मुली बहुतेक वाचतात. आईवडीलच मध्ये म्हणतात, "ते होईल हो, पण क्लास कोणता चांगला?"