रात्रीची हजेरी

रात्री साडेनऊला बातम्या आटोपल्या की बाबा खुर्ची माशांच्या टँकसमोर ओढतात. "एक, दोन, तीन... अरे थांब ना, तू झालास मोजून!" झेब्रा डॅनिओ थांबत नसतात. आकडा कधी नऊ येतो, कधी बारा. आहेत दहा.

या हजेरीमागे एक फजिती आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानातून टँक, रेती, फिल्टर आणि आठ निऑन टेट्रा एकाच दिवशी, एकाच ऑटोतून घरी आणले. "पाणी भरा, अँटिक्लोरीन टाका, सोडा मासे," दुकानदार म्हणाला. पाणी काचेसारखं नितळ होतं. पण माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. मग अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होतं. नायट्रेट त्या मानाने गरीब, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आवाक्यात राहतं. हे सगळं मला नंतर कळलं. पाचव्या दिवशी सहाच दिसले तेव्हा "लपले असतील" म्हणून मी ऑफिसला गेलो. दोघं फिल्टरच्या मागे कुजत होते. दहा दिवसांत टँक रिकामा.

दुसऱ्यांदा रिकाम्या टँकमध्येच फिल्टर चालू ठेवला आणि रोज चिमूटभर दाणे टाकले, कुजून जिवाणूंना खाद्य मिळावं म्हणून. "मासे नाहीत अन् जेवण वाढतोस?" आई येता-जाता विचारायची. सहा आठवड्यांनी टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. तेव्हा डॅनिओ आणले.

निऑन पडले ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, नागपूरच्या मे महिन्यात त्यांचं काय झालं असतं कोण जाणे. डॅनिओ आपल्याकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेतल्या माशांची नोंद केली, त्यात हाही होता. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर निळे आडवे पट्टे. आधी चारच आणले होते. त्यातला दांडगा सगळ्यात बारक्याला दिवसभर पळवायचा. मला वाटलं, गर्दी होतेय. उलटच होतं. अजून सात आणले, तेव्हा दांडग्याचा राग दहा जणांत वाटला गेला आणि बारक्या मोकळा फिरू लागला. आता स्वयंपाकघरात ताट पडलं तरी सगळे एकदम वळतात.

अकराचे दहा झाले ते मागच्या उन्हाळ्यात. पाणी 32 अंशांवर गेलं म्हणून झाकण सरकवून वर टेबल फॅन लावला. वाऱ्याने पाणी उडतं आणि टँक दोन-तीन अंशांनी उतरतो, हे खरं. डॅनिओ उडी मारतो, हेही खरं. रात्री बाबा म्हणाले, "दहा." मी म्हटलं, परत मोजा. परत दहा. टीव्हीच्या टेबलाखाली सापडला, सुकलेल्या कढीपत्त्याच्या पानासारखा. तेव्हापासून वर मच्छरदाणीचा तुकडा, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेला.

गेल्या महिन्यात पोटाने फुगलेली एक मादी आणि दोन सडपातळ नर रात्री वेगळ्या टबात ठेवले, तळाशी भाच्याच्या गोट्या पसरून. डॅनिओ पहाटे अंडी घालतात आणि लगेच स्वतःच खायला लागतात. गोट्यांच्या फटीत पडलेली तेवढी वाचतात. सकाळी तिघांना परत टँकमध्ये सोडलं. अंडी मोहरीपेक्षाही लहान, आरपार दिसणारी. या पारदर्शकपणामुळेच जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा पाळतात. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर वाचायचं भिंग लावलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग मला हाक मारली, "इकडे ये, याचं हृदय बघ."

तिसऱ्या दिवशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं काचेला चिकटून बसली होती. पोहायला लागल्यावर मी उकडलेल्या अंड्याचा बलक जरा सढळ हाताने दिला आणि टबातलं पाणी नासवलं. वीसेक होती, चार राहिली. अजून टबातच आहेत, कारण मोठे त्यांना गिळतील.

बाबांची हजेरी आता दोन ठिकाणी असते. टबातले चार मात्र ते एका दमात मोजतात.