मोहर्लीत एक रात्र जास्त

ताडोबाला दोन रात्री पुरे, असं घरी छातीठोकपणे सांगितलं होतं. काल सोमवारी मोहर्लीत उतरलो आणि ट्यूब पेटली, मंगळवारी जंगल बंद! (१९५५ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान; त्यालाही आठवड्याची सुट्टी हवीच की.) बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आज सकाळी इरई तलावाच्या बाजूला नुसतेच भटकलो. मोहाखाली एक आजी फुलं वेचत होत्या. फूल उचलायचं, फुंकर मारायची, टोपलीत. कसली घाई नाही. परत येऊन मुक्काम एका रात्रीने वाढवला. उद्याची जिप्सीही नशिबाने मिळाली.

कालच्या फेरीत रानकुत्रे दिसले, अगदी रस्त्यावर. वाघाचं विचारू नका.