तुम्ही विचारलंत म्हणून: व्यायाम नेहमी ‘सोमवारपासून’च का?

“व्यायाम करायला हवा हे पटतं, वेळही काढता येईल, मग सुरुवातच का होत नाही?” हा प्रश्न कोथरूडमध्ये फिजिओथेरपीचे काम करताना मला इतक्यांदा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. विचारणारे बहुधा चाळिशी-पन्नाशीचे असतात, गुडघा किंवा कंबर कुरकुरू लागल्यावर आलेले असतात, आणि उत्तरही सोबत घेऊनच आलेले असतात: “आम्ही आळशी, दुसरं काय!”

ते उत्तर मला मान्य नाही. पहाटे उठून डबे करणारी, हिंजवडीच्या वाहतुकीतून जाऊन-येऊन पुन्हा मुलांचा अभ्यास घेणारी माणसे आळशी नसतात. फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी चालढकलीविषयी २०१३ मध्ये केलेली मांडणी मला अधिक पटते. त्यांच्या मते चालढकल करणाऱ्याला कामापेक्षा त्याबरोबर येणारी नकोशी भावना टाळायची असते. व्यायामाच्या बाबतीत ती ओळखायला फार लांब जावे लागत नाही. पहिल्या दिवशी धाप लागणार, वाकल्यावर बोटे पावलांपर्यंत पोहोचणार नाहीत, आणि टेकडीवर सत्तरीचे आजोबा “येऊ द्या सावकाश” म्हणत पुढे निघून जाणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. ‘सोमवारपासून’ म्हटले की ही सारी शोभा पुढे ढकलली जाते आणि निश्चय केल्याचे समाधान मात्र आजच पदरात पडते.

या ढकलण्याला आपल्याकडे मुहूर्तांची वाण नाही. एक जानेवारी हुकली तर संक्रांत, मग रथसप्तमी (ती तर सूर्यनमस्कारांचीच), मग गुढीपाडवा; त्यानंतर ऊन, जूनमध्ये शाळा, मग पाऊस, आणि पुण्यात भाद्रपद जवळ आला की “एकदा गणपती होऊन जाऊ देत” या वाक्यावर कोणाचीच बोलण्याची टाप नसते. नव्या आरंभाचे आकर्षण खोटे आहे असे मी म्हणत नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४ च्या अभ्यासात आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या प्रारंभी व्यायामशाळेत येणाऱ्यांची संख्या खरोखरच वाढलेली दिसली होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फर्ग्युसनच्या मागच्या हनुमान टेकडीवरही तेच चित्र असते. परंतु मुहूर्ताचे बळ त्या दिवसापुरते. पुढच्या मंगळवारी घरी पाहुणे आणि कचेरीत हिशेबाची घाई असताना ते कामाला येत नाही.

मुहूर्ताइतकीच फसवी असते ती तयारी. बूट येतात, मनगटावरचे घड्याळ येते, वर्षाची फी एकरकमी भरली जाते. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील व्यायामशाळांच्या नोंदींवरून दाखवले की महिन्याला ७० हून अधिक डॉलर भरणारे सभासद इतक्या कमी वेळा जात की त्यांना एकेक खेप १७ डॉलरांहून महाग पडे. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरांत झाली असती. मंडईत चार गाळे फिरून कोथिंबिरीची जुडी घेणारा पुणेकरही या हिशेबात हमखास सापडतो. मी रुग्णांना ताणण्यासाठी रबरी पट्टी देते. नवी पट्टी चिकटू नये म्हणून तिला पांढरी भुकटी लावलेली असते. पंधरवड्याने रुग्ण परत येतात, “करतो अधूनमधून” म्हणतात, पिशवीतून पट्टी काढून देतात, आणि भुकटी माझ्या बोटांना लागते. मी विषय वाढवत नाही.

मग उपाय काय? इच्छाशक्तीवर भाषण देणे मी केव्हाच सोडले, कारण त्याचा फायदा होत नाही. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये इंग्लंडमधील २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटे दमछाक होईल असा व्यायाम करणारे पहिल्या गटात ३८ टक्के निघाले. दुसऱ्या गटाला व्यायामाचे महत्त्व पटवून दिले होते, तिथे ३५ टक्के. आणि ज्यांना शिवाय नेमका दिवस, वेळ आणि जागा लिहून काढायला सांगितली होती, त्यांच्यात ९१ टक्के. म्हणून आता “रोज करा” असे न सांगता मी “कशानंतर कराल?” असे विचारते. कर्वेनगरच्या एका काकूंनी यावर बराच विचार करून सांगितले, “चहाचं आधण ठेवलं की मला दुसरं काम नसतं.” त्या वेळी ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या, पाण्याला उकळी येईपर्यंत. त्यांच्या पट्टीवरही आता भुकटी नाही.

“एवढ्याशाने काय होणार?” ही शंका लगेच येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते हे खरे; परंतु तो सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांतच व्हावा ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली आहे. २१ दिवसांत सवय लागते या समजुतीलाही फारसा आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही.

उलट, मोठ्या सुरुवातीचीच मला धास्ती वाटते. वर्षभर न हललेला माणूस पहिल्याच रविवारी सिंहगड चढतो. उतरताना मांड्यांच्या स्नायूंवर ताण सर्वाधिक येतो आणि ते दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते. त्यामुळे मंगळवारी त्याला जिना उतरवत नाही आणि पुढच्या सोमवारचे सबळ कारण तयार होते. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी निम्म्या चढून परत फिरण्यात काही कमीपणा नाही. मात्र छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत थांबावे. ती चालढकल नव्हे.

राहिला प्रश्न सकाळ बरी की संध्याकाळ, हा. त्यावर वाद घालणाऱ्यांचा व्यायाम बहुधा राहून गेलेला असतो. ज्या वेळी घरातले कोणी तुम्हाला काही मागत नाही ती वेळ धरा. बऱ्याच बायकांच्या बाबतीत ती आधी घरच्यांना बजावून मिळवावी लागते.