आज कुणासाठी आलात?

टोकियो, गुरुवार रात्र

हॉटेलवर येऊन तास झाला तरी डोळ्याला डोळा लागत नाही. कान अजून गुंजताहेत. उद्यावर ढकललं तर निम्मं विसरेन, म्हणून आताच लिहून ठेवते.

आज शिमोकिताझावाला गेले होते. ओदाक्यू आणि इनोकाशिरा हे दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथली ही वस्ती. अरुंद बोळ, जुन्या कपड्यांची दुकानं, छोटी नाट्यगृहं आणि बँड वाजतात ती लाइव्ह हाउसं, बरीचशी तळघरात. त्यातलंच एक शेल्टर, १९९१ पासूनचं. जिना उतरलं की अडीचशेच्या आसपास माणसं खांद्याला खांदा लावून मावतील एवढीच खोली. २०२२ मध्ये आलेल्या एका ऍनिमेतलं, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतलं, लाइव्ह हाउस या जागेवर बेतलेलं होतं. तेव्हापासून इथे फोटो काढायला पोरंपोरी येतात. त्यातली काही तिकीट काढून खालीही उतरतात, हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

मी आले होते मास ऑफ द फर्मेंटिंग ड्रेग्जसाठी. कोबेचा हा बँड २००२ मध्ये सुरू झाला, २०१२ च्या सुमारास थांबला आणि २०१६ मध्ये पुन्हा उभा राहिला. माझ्या कानावर ते पडले ते नेमके थांबलेले असताना. पुण्यात जपानीच्या क्लासला जायचे तेव्हा एका मैत्रिणीने पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून दिली होती. हे लोक आपल्याला कधी दिसायचे नाहीत, असं गृहीत धरूनच मी त्यांच्यावर जीव लावला.

असा जीव आणखी एका बँडवर होता: फुकुओकाचा नंबर गर्ल. त्यांचा शेवटचा कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००२ ला सापोरोच्या पेनी लेन २४ या छोट्या हॉलमध्ये झाला, तेव्हा मी शाळेत होते आणि असा बँड जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. २०१९ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. मग साथीच्या काळात बाहेरच्यांना जपानची दारं बंद झाली. ती उघडून दोन महिने होतात न होतात तोच, ११ डिसेंबर २०२२ ला योकोहामाच्या पिया अरेनात त्यांनी दुसऱ्यांदा आणि कायमचा निरोप घेतला. पैसे साठवून निवांत जाऊ म्हणणाऱ्यासाठी बँड थांबत नसतात. त्या डिसेंबरनंतर मी रजा आणि पैसे दोन्ही याच कामासाठी राखून ठेवायला लागले.

तिकिटाचं एक सांगायला हवं. मोठ्या तिकीट कंपन्यांच्या साइटवर बहुतेक वेळा जपानी मोबाइल नंबर लागतो, परदेशातून आलेला माणूस तिथेच अडतो. छोट्या कार्यक्रमांत मात्र पुष्कळदा बँडलाच मेल करून तिकीट राखून ठेवता येतं. आपलं नाव आणि किती जण येणार एवढं कळवायचं. पैसे दारात. दारात आणखी पाच-सहाशे येन पेयाचे द्यावेच लागतात, कारण ही ठिकाणं कागदोपत्री खाण्यापिण्याची जागा म्हणून चालतात. त्या पैशांच्या बदल्यात बिल्ला मिळतो, तो देऊन आत काउंटरवर ऊलाँग चहा घेतला.

पण दारात पैसे घेण्याआधी एक प्रश्न विचारतात: आज कुणासाठी आलात? चार बँड वाजणार असतील तर चौघांपैकी कुणासाठी. मी नाव सांगितलं. मुलीने पुठ्ठ्यावर लावलेला कागद पुढे ओढला. कागदावर चार रकाने, प्रत्येकावर एकेका बँडचं नाव. आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो, तसं इथे पाच रेघांचं एक कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं, अक्षर रेघ-रेघ करत पुरं करतात. माझ्या बँडच्या रकान्यात एक अक्षर अर्धवट होतं. तिने त्यात पेन्सिलीने एक रेघ वाढवली. ती रेघ माझी.

या रेघांवर इथला हिशेब चालतो. नवख्या बँडला लाइव्ह हाउस बहुधा तिकिटांचा कोटा देतं, त्याला इथे नोरुमा म्हणतात. समजा दोन हजार येनची वीस तिकिटं. तेवढी माणसं त्या बँडचं नाव सांगून आली नाहीत, तर उरलेले पैसे बँडने स्वतःच्या खिशातून भरायचे. कोट्याच्या वर जी माणसं येतील त्यांच्या पैशातला वाटा बँडला. मला ही पद्धत पटत नाही. दिवसभर दुकानात उभं राहून काम करणाऱ्या पोरांनी रात्री वाजवायचं आणि वर पैसेही भरायचे, हा अन्याय आहे. आपल्याकडे छबिलदासच्या काळापासून प्रायोगिक नाटकवाले पदरमोड करून प्रयोग लावत आले, त्याच जातीची ही ओढाताण. मोठ्या नावाच्या बँडला कोटा नसतो, पण त्यांच्या आधी वाजवणाऱ्यांना असू शकतो. म्हणून मी पहिल्या बँडपासून उभी राहते आणि आवडला तर त्यांची सीडी घेते. पुढच्या वेळी त्यांचंही नाव सांगता येतं.

पहिला बँड तिघा मुलांचा होता. अर्धा तास वाजवून झाल्यावर त्यांनीच वायरी गुंडाळल्या, पेडल पेटीत भरले, घाम पुसला आणि दहा मिनिटांत टेबलामागे टी-शर्ट विकायला उभे राहिले.

मग मास ऑफ द फर्मेंटिंग ड्रेग्ज. रंगमंच गुडघ्याएवढा उंच. गाणारी आणि बेस वाजवणारी नात्सुको मियामोतो माझ्यापासून दोन हातांवर. जमिनीवर चिकटपट्टीने लावलेली गाण्यांची यादी मला उलटी वाचता येत होती, आणि पुढचं गाणं माझं आवडतं आहे हे मला बाकीच्यांच्या आधी कळलं. तिचा बेस पहिल्या सुरापासून बरगड्यांत घुमतो. रेकॉर्डवर तिचा आवाज त्या गोंगाटावर तरंगल्यासारखा वाटतो, इथे कळलं की तो त्याच्याशी झगडून वर येतो. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. हेडफोनवर इतकी वर्षं ऐकूनही ही झटापट मला ऐकू आली नव्हती. दोन गाण्यांच्या मधे कुणी आरडाओरडा करत नाही, टाळ्या वाजवतात आणि गप्प होतात. ती बेस सुरात लावत असते ते सगळे ऐकत असतात. मला हे फार आवडतं.

साडेनऊला सगळं आटोपलं. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात आणि पुष्कळांची घरं लांब, म्हणून इथे वेळ पाळतात.

क्योटो, शनिवार

आईचा फोन आला होता. देवळं पाहिलीस का, जेवणाचं काय. सकाळी कियोमिझुदेराला जाऊन आले होते, ते सांगितल्यावर तिला बरं वाटलं. संध्याकाळी कुठे जाणार, तर ताकुताकुला. साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवायचं जुनं कोठार, १९७४ मध्ये त्याचं लाइव्ह हाउस केलं. आत लाकडी खांब, आणि भिंतींवर इथे वाजवून गेलेल्यांच्या नावांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या. आई म्हणाली, म्हणजे मैफलच की. हो आई, मैफलच.

ताकुताकु अजून चालू आहे हे मी नशीब समजते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ओसाकातल्या लाइव्ह हाउसांमधून साथ पसरल्याच्या बातम्या आल्या आणि देशभर या धंद्यावर बोट ठेवलं गेलं. मोठ्या हॉलना तग धरायला पाठबळ होतं, छोट्यांना रोजच्या तिकिटावर भाडं भरायचं होतं. टोकियोतल्या कोएंजीचं पेंग्विन हाउस त्याच वर्षी बंद झालं. माझ्या यादीत ते होतं.

उद्या ओसाका, नाम्बा बेअर्स हे लाइव्ह हाउस. १९८७ पासूनचं, बोरडम्स या बँडचे एकेकाळचे गिटारवादक सेइइची यामामोतो ज्याची धुरा सांभाळत आले ते. उद्याच्या बँडचं मी एकच गाणं ऐकलंय, पण त्या एका गाण्यावर जावंसं वाटलं. मेल टाकली होती, दुपारी उत्तर आलं: दोन हजार येनचं तिकीट राखून ठेवलंय, दारात आमचं नाव सांगा.