केळकर म्युझियममधला मुंजा

पुण्यात भुताचा विषय निघाला की गाडी शनिवारवाड्यापाशी येऊन थांबते. अमावास्येच्या रात्री 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. पण आमच्या आळीतल्या मुलांचं भूत तिथं नव्हतं. ते बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत, राजा केळकर संग्रहालयात राहायचं, आणि ते आमच्याच वयाचं होतं.

साल १९८० च्या आसपासचं. आम्ही शुक्रवार पेठेत एका वाड्यात राहायचो, संग्रहालयापासून चार-पाच मिनिटांवर. दिनकर केळकरांनी आपल्या मुलाच्या नावानं हे संग्रहालय काढलं आणि तो मुलगा सातव्या वर्षी गेला, एवढं मोठ्यांच्या बोलण्यातून आमच्या कानावर आलेलं होतं. पुढचं सगळं आम्हीच रचलं. रात्री कुलूप लागलं की राजा उठतो. एकेक समई, एकेक लामणदिवा लावत सगळ्या दालनांतून फिरतो. मग सोंगट्या मांडून एकटाच खेळत बसतो, आणि पहाट व्हायच्या आत सगळं जिथल्या तिथं ठेवून देतो. संध्याकाळी परवचा झाला की वाड्याच्या जिन्यात बसून आम्ही हे एकमेकांना सांगायचो, आणि मग मोरीपर्यंतसुद्धा एकट्यानं जायची कुणाची छाती व्हायची नाही.

एकदा एकानं जाहीर केलं की राजा मुंजा आहे. वाड्यामागे पिंपळ होता, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड होता, त्यामुळे मुंजा म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. पण भिक्षुकाच्या घरातली एक मोठी मुलगी होती, तिनं हरकत घेतली. मुंज झालेली आहे पण सोडमुंज व्हायची राहिली, असा मुलगा गेला तरच तो मुंजा होतो. सात वर्षांच्या मुलाची मुंज झालीच असेल असं कुणी सांगितलं? मुंज आठव्या वर्षी. यावर आम्ही दोन-तीन संध्याकाळी भांडलो. निकाल काही लागला नाही.

आत जायचं तर मस्तानी महालाची भीती वेगळी. बाजीरावानं मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात ते पुन्हा उभे केले. शहराच्या एका टोकाला पडत चाललेलं घर उचलून पेठेत आणायचं, ही कल्पनाच मला अजून थक्क करते. आम्हाला तेव्हा एवढंच कळायचं की ही मस्तानीची खरी खोली आहे, तेव्हा मस्तानीही बरोबर आलेली असणार. घुंगरू ऐकल्याचं शपथेवर सांगणारी दोन मुलं आमच्यात होती. पुढे मोठेपणी मी पाबळला गेले, मस्तानीची समाधी पाहिली. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला गेला आणि त्याच वर्षी तीही गेली. त्या शांत जागी उभी असताना लहानपणच्या घुंगरांची मला लाज वाटली. जिला जिवंतपणी शनिवारवाड्यात धड राहू दिलं नाही, तिला मेल्यावरही आम्ही नाचायला लावत होतो.

नारायणरावाचंही तेच. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, गारदी वाड्यात शिरले. 'ध'चा 'मा' पुण्यात पोराटोरांना माहीत असतो. पण तो जेमतेम अठरा वर्षांचा होता आणि पेशवा होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, हे सांगायला कुणी थांबत नाही. त्याचं शव ज्या दारानं बाहेर नेलं त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात. मी पाहुण्यांना वाडा दाखवायला नेते तेव्हा ते दार आधी दाखवते. किंकाळीचं नंतर, विचारलं तरच.

तर, आजीबद्दल सांगायचं होतं.

आजी त्याच गल्लीत जन्म काढूनही संग्रहालयात कधी गेली नव्हती. 'जुनी भांडी बघायला तिकीट कशाला काढायचं' असं म्हणायची. एका मे महिन्यात मी हट्ट करून तिला नेलं. नऊवारी, पायात चपला नव्या, हातात छोटा बटवा. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं ती गप्प होती. मग वज्रींच्या कपाटापुढे आली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, पाय घासायच्या वज्र्या काचेत ठेवल्यात!" वज्रीवर मोर, पोपट, हत्ती. न्हाणीघरात घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडून टाच कशी घासायची ते तिनं मला तिथेच, उभ्या उभ्या, करून दाखवलं. अडकित्त्यांपुढे तर ती हलेचना. केवढे प्रकार! कुठल्या अडकित्त्यानं खांड पडते आणि कुठल्यानं बारीक कातरण निघते, हे ती नुसतं पात्याकडे बघून सांगत होती. फणी-करंड्याची पेटी दिसली तेव्हा तिचं बोट आपोआप कपाळाकडे गेलं. आधी मेण लावायचं, त्यावर कुंकू.

वीसेक हजार वस्तू आहेत त्या संग्रहात. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, गावोगाव हिंडून, साठ वर्षांच्या आसपास हा माणूस त्या गोळा करत राहिला आणि १९७५ साली सगळा संग्रह त्यानं सरकारला देऊन टाकला. तलवारी आणि राजांची चित्रं जपणारे पुष्कळ असतात. केळकरांनी वज्री जपली, दौत जपली, चुन्याची डबी जपली. माझ्या आजीसारख्या बाईनं आयुष्यभर जे हाताळलं ते कुणीतरी जपण्यालायक मानलं, याचं मोल मला जसजसं वय वाढतंय तसतसं जास्त कळतंय.

बाहेर पडताना आजीनं विचारलं, "पण हा राजा म्हणजे कोण गं?"

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. मुलगा, सात वर्षं, रात्रीचे दिवे, सोंगट्या, मुंजा, सगळं.

आजी तिथेच एका पायरीवर बसली. मला वाटलं उन्हानं. बटव्यातून तिनं काहीच काढलं नाही, नुसता तो मुठीत धरून ठेवला. मग म्हणाली, "असं म्हणू नये. त्या बापानं बरं केलं. दारावर नाव लिहून ठेवलं. येणारा-जाणारा रोज घेतो."

मग तिनं मला सांगितलं. माझ्या वडिलांच्या आधीचा एक मुलगा. विषमज्वर, एकवीस दिवस. तो गेल्यावर घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही, पण घेतलं नाही कुणीच. त्याचे कपडे सासूबाईंनी पंधरा दिवसांत बोहारणीला देऊन टाकले. त्यावर एक पितळी पातेलं आलं.

"कुठलं पातेलं?"

"दुधाचं," आजी म्हणाली.

ते पातेलं मी रोज बघत होते. दरवर्षी कल्हई होऊन यायचं. त्यातलंच दूध पिऊन माझे वडील मोठे झाले, आत्या मोठी झाली, मी मोठी होत होते. एक कड थोडी चेपलेली होती, तिथून दूध ओतलं की धार वाकडी पडायची. आजी ते दुसऱ्या कुणाला घासू देत नसे, आणि ती स्वच्छतेची फार म्हणून, असं आम्ही सगळे समजत होतो.

तिनं त्या पायरीवर त्याचं नाव घेतलं. एकदा, आणि मग थोड्या वेळानं आणखी एकदा. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

मी नऊ वर्षांची होते. जिन्यातला आमचा वाद अजून डोक्यात होता, आणि काय विचारावं काय विचारू नये याची समज नव्हती. रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरून विचारलं, "आजी, त्याची मुंज झाली होती का?"

"नाही गं," ती म्हणाली. "त्या वैशाखात करणार होतो."